ओढीची वाट

आयत्या बिळावर नागोबा, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. मुंग्यांनी कणाकणाने वारूळ बांधावे आणि नागाने आत येऊन सुखाने वेटोळे घालून बसावे, हे आपल्या मनाला कोठे तरी खटकते. त्या म्हणीत नागाविषयी जेवढा राग आहे तेवढाच मुंग्यांविषयी कळवळा आहे. परंतु थोडा विचार केला की मनुष्य चपापतो. आपण ज्या रस्त्याने चालतो, ज्या विहिरीचे पाणी पितो, ज्या झाडाखाली दोन घटका बसतो, ते सारे दुसऱ्याच कुणाच्या तरी घामाचे असते. मग आपण सगळेच नागोबा का? आणि नसलो, तर कशामुळे नाही?

दिवाळीच्या फराळाबरोबर असला जड प्रश्न कशाला, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न सुटीच्या सुखाचाच आहे, तेव्हा तो सुटीतच विचारलेला बरा. त्यासाठी मी उदाहरण घेतो आहे ते मात्र दूरचे, फ्रान्समधले. जवळच्या उदाहरणात आपले हितसंबंध गुंतलेले असतात आणि विचार करता करता आपण आपलीच वकिली करू लागतो. दूरच्या उदाहरणात ती भीती थोडी कमी.

फ्रान्सच्या दक्षिणेस तुलूझ नावाचे शहर आहे. तेथून पूर्वेकडे, भूमध्य समुद्रावरील सेत बंदराजवळच्या खाऱ्या सरोवरापर्यंत, सुमारे २४० किलोमीटर लांबीचा एक कालवा गेला आहे. त्याचे नाव 'कानाल द्यू मिदी', म्हणजे दक्षिणेचा कालवा. तुलूझच्या दुसऱ्या बाजूने गारोन नदीला समांतर असा आणखी एक १९३ किलोमीटरचा कालवा जातो आणि पुढे नदीच समुद्राला मिळते. अशा रीतीने अटलांटिक आणि भूमध्य या दोन समुद्रांची गाठ पडते. आज या कालव्यांच्या काठाने सायकलींचा प्रवास चालतो. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना पिशव्या लटकावलेल्या, वर तंबूची गुंडाळी, कोणाच्या मागे लहान मुलाला बसविण्याची दुचाकी गाडी, असे प्रवासी वसंतापासून शरदापर्यंत निवांतपणे जात असतात. त्यांना मुक्कामाची घाई नसते. भूक लागली की काठावर बसून पाव आणि चीज खावे, ऊन वाढले की सावलीत लवंडावे, असा त्यांचा दिवसाचा क्रम.

ही वाट सुखाची का आहे, हे समजण्यासाठी कालव्याची थोडी यंत्रविद्या समजून घ्यावी लागते. पाण्याला चढ मान्य नाही. म्हणून जमीन उतरू लागली की पाणी पायरीपायरीने उतरवावे लागते. दोन दरवाज्यांमधल्या हौदात पडाव घ्यायचा, मागचा दरवाजा लावायचा, हौदातले पाणी सोडून द्यायचे आणि पडाव खाली गेला की पुढचा दरवाजा उघडायचा. या योजनेला लॉक म्हणतात. सायकलस्वाराला चढ-उतार लागतो तो बहुधा या लॉकांपाशीच, आणि तोही अगदी लहानसा. मधली वाट तळहातासारखी सपाट. बेझिए गावाच्या अलीकडे तर ५४ किलोमीटरपर्यंत एकही लॉक नाही. तिथे कालवा टेकड्यांच्या कडेने, एकच उंची धरून, वळणे घेत घेत गेला आहे, आणि त्या पट्ट्याच्या टोकाला आठ हौदांचा एक जिनाच आहे, जो पाण्याला सुमारे २१ मीटर खाली उतरवतो. ज्या सपाटीवरून प्रवासी शीळ वाजवीत जातो, ती सपाटी निसर्गाची देणगी नव्हे. ती मोजून, खणून आणि भर घालून केलेली आहे.

ही वाट मुळात सायकलींसाठी नव्हतीच. ती ओढण्याची वाट होती. पडावाला दोर बांधायचा आणि काठावरून घोड्याने किंवा खेचराने तो ओढीत न्यायचा, यासाठी काठाने ही पट्टी मोकळी ठेवलेली असे. १६६९ साली चौदाव्या लुईच्या राज्यात निघालेल्या फर्मानाने, नौका चालणाऱ्या नद्यांच्या काठच्या जमीनमालकांनी ओढण्याच्या बाजूला २४ फूट रुंदीची जागा सोडलीच पाहिजे असे ठरविले. तिथे झाड लावायचे नाही, कुंपण घालायचे नाही. धनिकाच्या जमिनीतून दोर ओढणाऱ्याला वाट मिळाली, ती अशी कायद्याने. मात्र दोराला घोडाच असेल असे नव्हते. ज्याला घोडा परवडत नसे तो स्वतः छातीवर पट्टा अडकवून पडाव ओढी. त्याची बायको ओढी, पोरे ओढीत. मध्य फ्रान्समधील बेरीचा कालवा इतका अरुंद होता की त्याच्या लॉकांची रुंदी जेमतेम २.७ मीटर. तिथल्या चिंचोळ्या पडावांवर मध्यभागी गाढवाचा गोठाच असे. दिवसभर पडाव ओढणारे गाढव रात्री त्याच पडावावर मालकाच्या कुटुंबाशेजारी झोपे. १९५५ साली तो कालवा वाहतुकीतून निघाला. आता त्याच्या काठानेही सायकली जातात.

याहून मनाला चटका लावणारी हकीकत आहे ती क्लामसी गावची. पॅरिस शहराच्या चुली आणि शेगड्या शतकानुशतके मोर्वां डोंगरातल्या लाकडावर जळत असत. तोडलेले ओंडके ओढ्यांत सोडायचे, क्लामसीला ते गोळा करून बांधायचे, आणि सत्तर-एक मीटर लांबीचे ते तराफे योन व सेन या नद्यांतून पॅरिसपर्यंत न्यायचे, असा हा धंदा सोळाव्या शतकापासून तीनशे वर्षांहून अधिक काळ चालला. तराफा पॅरिसला पोचला की त्याचे सरपण होई आणि तो नेणारा मनुष्य शेकडो किलोमीटर पायी चालत घरी परते. कारण परतीला तराफाच उरत नसे! त्याच खोऱ्यातून पुढे १७४ किलोमीटरचा निव्हेर्ने कालवा झाला. आज त्याच्या काठची वाट ही फ्रान्समधल्या रमणीय सायकलवाटांपैकी एक गणली जाते. ज्या खोऱ्यातून थकलेली माणसे पाय ओढीत घरी गेली, त्याच खोऱ्यातून आज माणसे घरापासून दूर जाण्यासाठी हौसेने येतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या प्रवाशाने हे सुख निःशंकपणे भोगावे काय?

याला एक सरळ उत्तर देता येईल. व्यवहारी मनुष्य म्हणेल, "यात शंका घेण्यासारखे काय आहे? ज्यांनी काम केले त्यांना मजुरी मिळाली. हिशेब तेव्हाच मिटला. मेलेल्यांचे देणे जिवंतांच्या माथी मारण्यात काय अर्थ?" हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. विशेषतः दक्षिणेच्या कालव्याच्या बाबतीत तर ते बरेच खरे आहे. हा कालवा काढणारा पिएर-पॉल रिके हा मिठावरील कर वसूल करणारा अधिकारी होता, म्हणजे लोकांच्या शिव्या खाणारा. परंतु १६६६ साली कालव्याला मंजुरी मिळाल्यावर त्याने मजुरांना ज्या रीतीने वागविले, ती रीत त्या काळाच्या मानाने अचंबा वाटण्यासारखी होती. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसे असत, त्यांत पुष्कळ स्त्रियाही होत्या. त्यांना महिन्याचा पगार ठरवून दिलेला होता आणि रविवार, सणवार, पावसाचा दिवस किंवा आजारपण यांसाठी तो कापला जात नसे. यात दया किती आणि हंगामात मजूर शेतांकडे पळू नयेत हा हिशेब किती, ते सांगणे कठीण. पण मोबदला मिळाला, हे निर्विवाद.

तरीही माझे समाधान होत नाही. मजुरीने कशाची किंमत दिली जाते? त्या दिवसाच्या कष्टाची. खणणाऱ्याला खणण्याचे पैसे मिळाले. पण त्या खणण्यातून साडेतीनशे वर्षांनंतर एका अनोळखी कुटुंबाला जी संथ दुपार लाभते, तिची किंमत कोणी कोणाला दिली? ती दुपार कराराच्या बाहेरची आहे. खुद्द रिकेचेच पाहा. डोंगरातले पाणी चरांतून नोरूझच्या खिंडीत आणावे आणि तिथून ते दोन्ही समुद्रांकडे वाटून द्यावे, ही त्याची मूळ कल्पना. तिच्यापायी त्याने स्वतःची संपत्ती घातली, कर्ज काढले. १६८० च्या ऑक्टोबरात तो वारला, आणि १६८१ च्या मे महिन्यात कालवा सुरू झाला. आपल्या पाण्यावर जाणारा पहिला काफिला त्याला दिसला नाही. कर्ज मात्र वारसांच्या वाट्याला आले. देणे फिटले असे म्हणणारा मनुष्य फक्त वहीतल्या रकमा मोजतो. वहीत न मांडलेले देणे फिटतही नाही आणि बुडतही नाही, ते तसेच राहते.

मग दुसऱ्या टोकाला जाऊन असे म्हणावे काय की, जिथे माणसांनी छातीवर पट्टे बांधून ओझी ओढली तिथे मौजेखातर सायकल फिरविणे हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे? हळव्या मनाला हे पटते. काही काळ मलाही हाच विचार अधिक नीतिमान वाटे. परंतु त्यात एक मोठी गफलत आहे. कष्टकऱ्याला कष्टच प्रिय होते, असे तो गृहीत धरतो. दोर ओढणाऱ्या बाईला त्या संध्याकाळी काय हवे असेल? आपल्या नातवंडांनीही दोरच ओढावा, असे? मला नाही वाटत. तिला विसावा हवा असेल. आणि तिच्यासारख्यांनीच पुढे विसावा मागितला, हे इतिहास सांगतो.

१९३६ च्या मे-जून महिन्यांत फ्रान्सभर कामगारांनी संप केले. लेओं ब्लूम यांच्या नेतृत्वाखाली नवे सरकार आले होते. त्याने जूनमध्येच कायदा करून प्रत्येक कामगाराला वर्षातून दोन आठवडे भरपगारी रजा दिली, आणि आठवड्याचे काम चाळीस तासांवर आणले. क्रीडा आणि विरंगुळा यांचे खाते लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याकडे होते. त्याने कामगारांसाठी रेल्वेचे स्वस्त तिकीट काढले. त्याच्या खात्याला विरोधकांनी 'आळसाचे मंत्रालय' म्हणून हिणविले. पण त्या उन्हाळ्यात गिरण्या-कारखान्यांतली तरुण जोडपी दोघांच्या जोडसायकलींवर बसून गावाबाहेर पडली. कित्येकांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. आज फ्रान्समध्ये ही रजा पाच आठवड्यांची आहे. नदीकाठाने सायकलीवरून जाणारा तो पहिला सुटीकर मनुष्य कोणी उमराव नव्हता; तो ओझे ओढणाऱ्यांचाच वंशज होता. सुटी हा कष्टांचा अपमान नाही. कष्टकऱ्यांनी भांडून मिळविलेली ती त्यांचीच वस्तू आहे. दिवाळीच्या चार दिवसांत ज्याच्या मनाला रिकामे बसल्याबद्दल टोचणी लागते, त्याने हे अवश्य ध्यानात घ्यावे.

तेव्हा सुख भोगण्यात पाप नाही, आणि देणे फिटलेलेही नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणजे प्रश्न उरतो तो एवढाच की ते सुख कोणत्या रीतीने भोगावे.

सेंत-एत्येन गावी पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ होते. व्हेलोसिओ या टोपणनावाने ते ओळखले जात. १८८७ साली त्यांनी सायकलीला वाहिलेले एक मासिक काढले आणि १९३० साली मृत्यू येईपर्यंत सायकलीचा प्रवास हा जणू एक धर्म मानून त्याचा प्रचार केला. शर्यतींचे त्यांना प्रेम नव्हते. तहान लागण्यापूर्वी पाणी प्यावे, भूक लागण्यापूर्वी खावे, थकून मोडण्याइतके कधी दामटू नये, आणि केवळ बढाईसाठी पायडल मारू नये, अशा आशयाचे काही नियम त्यांनी घालून दिले. चढावर जोर कमी लागावा म्हणून साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या योजनेचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. उलट, 'तूर द फ्रान्स' या सुप्रसिद्ध शर्यतीत ही योजना १९३७ पर्यंत वापरू देत नसत. कष्ट सोपे झाले तर पराक्रम कसला, असा तिथला भाव. व्हेलोसिओंना पराक्रम नको होता, त्यांना प्रदेश पाहायचा होता.

मला वाटते, या शेवटच्या नियमात, बढाई नको या नियमात, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. जो वेगाने जातो त्याला वाट ही केवळ मागे टाकायची वस्तू वाटते. जो सावकाश जातो त्याला पुलाच्या कमानीखालच्या दगडी कडेवर खाचा दिसतात. दोर घासून घासून पडलेल्या त्या खाचा आजही जुन्या पुलांवर आहेत. तो लॉकपाशी थांबतो, दरवाज्याची देखभाल करणाऱ्या माणसाला नमस्कार करतो. सप्टेंबरात द्राक्षमळ्यांत वाकून घड तोडणारी माणसे त्याला दिसतात. पण इथे स्वतःची फसवणूक करू नये. पाहणे म्हणजे मदत करणे नव्हे. सायकलीवरून हात हलविल्याने मळ्यातल्या मजुराची पाठ दुखायची थांबत नाही. पाहण्याचा उपयोग एवढाच की, आपल्या सुटीच्या वेळी दुसरा कोणी राबतो आहे हे ज्याने पाहिले, त्याला उद्या त्या दुसऱ्याच्या सुटीचा प्रश्न निघाला तर 'आळसाचे मंत्रालय' असे म्हणता येणार नाही. निदान म्हणताना त्याची जीभ अडखळेल.

उरलेले अर्धे उत्तर मला त्या कालव्याच्या झाडांत सापडते. दक्षिणेच्या कालव्याच्या काठाने प्लेन नावाच्या उंच, रुंद पानांच्या वृक्षांच्या रांगा होत्या, सुमारे ४२ हजार. त्यांतले बहुतेक एकोणिसाव्या शतकात लावलेले. मुळांनी काठ धरून ठेवावा, सावलीने पाण्याचे बाष्प कमी व्हावे, ओढणाऱ्या जनावरांना आणि माणसांना ऊन लागू नये, हे त्यांचे काम. पुढे मालवाहतूक रेल्वेकडे गेली. १८५७ साली बोर्दो ते सेत हा लोहमार्ग पुरा झाला आणि लगेच कालवाच रेल्वे कंपनीच्या हाती चाळीस वर्षांच्या कराराने गेला. ओढणारे गेले, सावली राहिली. २००६ साली मात्र या झाडांवर एक बुरशीचा रोग आढळला. झाड आतून वाळवून टाकणारा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ही बुरशी फ्रान्समध्ये आली, असे मानले जाते. रोगावर इलाज नव्हता. झाडे तोडून जागच्या जागी जाळावी लागली. निम्म्याहून अधिक रांग अशी गेली. १९९६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या कालव्यावर कित्येक मैल रणरणते ऊन पडले.

आणि मग तिथे पुन्हा झाडे लावायला सुरुवात झाली. या खेपेस एकच जात नाही. एका रोगाने सगळी रांग पुन्हा जाऊ नये म्हणून ओक, लिंडन, मेपल, पांढरा पॉपलर अशा निरनिराळ्या जाती. आज तिथून जाणारा प्रवासी मनगटाएवढ्या खोडांच्या, काठ्यांना बांधलेल्या रोपांच्या रांगेतून उन्हात जातो. पूर्वीसारखी कमान डोक्यावर यायला कित्येक दशके लागतील. खड्डे खणणाऱ्यांना हे ठाऊक आहे. त्यांच्या हयातीत ती सावली भरणार नाही. तरी ते खणतात.

ज्यांचे देणे आपण लागतो ते धनको केव्हाच निघून गेलेले असतात. रिकेला, त्या बारा हजार मजुरांना, क्लामसीहून पॅरिसला गेलेल्या तराफेवाल्याला आज कोणीही काही देऊ शकत नाही. देता येते ते फक्त पुढच्याला. मात्र पुढच्याला दिले म्हणून मागचे फिटले, असा हिशेब कोणी करू नये. तो सोयीचा हिशेब आहे. दोर ओढणाऱ्या पोराचे हरवलेले बालपण एका रोपाने परत येत नाही. ते तसेच उणे राहणार. ते उणे आहे हे न विसरता, सुख नाकारूनही न देता, आपल्या हातून होईल तेवढी सावली पुढे ठेवणे, याहून अधिक नीती साध्या माणसाकडून अपेक्षिता येईल असे मला वाटत नाही. पण याहून कमीही नको.

आपल्या भाषेत 'ओढ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. दोराला असते ती ओढ, आणि मनाला लागते तीही ओढच. फ्रान्समधल्या त्या काठांवर पहिली ओढ संपली आणि दुसरी सुरू झाली, वाट मात्र तीच राहिली. नागोबावर आपला राग आहे तो तो वारुळात राहतो म्हणून नव्हे. कुठे तरी राहावे त्यालाही लागतेच. तो मुंग्यांची आठवण ठेवीत नाही आणि वारुळात मातीचा एक कणही कधी भर घालीत नाही, म्हणून आहे. माणसाला या दोन्ही गोष्टी करता येतात. त्या केल्या तर काठावरच्या सावलीत खुशाल लवंडावे. तिथे आपल्याला उठवायला कोणी येणार नाही.